आप्पांचे अकरा कोरडे बोअर

३ फेब्रुवारी, सोमवार

नीरजाने आज जेवताना सांगितलं – कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं विषय घेतलाय आप्पांचा नारळ! तिच्या सख्ख्या आजोबांचा. माझ्या सासऱ्यांचा!

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता जिथं उभा राहील, तिथं खाली पाणी. गेली कित्येक वर्षं उमरग्याच्या आजूबाजूची माणसं आप्पांना बोअरची जागा दाखवायला गाडीवर बसवून नेतात. आप्पा एक पैसा घेत नाहीत. कुणी दिलाच तर येरमाळ्याच्या येडाई देवीच्या पेटीत. आणि आमची लेक म्हणते, हे खरंय का ते तपासायचं.

भाकरी ताटातच राहिली. (नंतर खाल्ली. टाकायची कशी?)

कसं तपासणार, विचारलं. तर म्हणे, सुरुवातीला धरून चालायचं की नारळाला काहीच कळत नाही. म्हटलं, म्हणजे आधीच आजोबांना खोटं ठरवून बसणार? "अज्जाला न्हाय आई, नारळाला. कोर्टात आधी आरोपीला निर्दोष धरतात ना? पुरावा भक्कम निघाला तरच ते सोडायचं. हे तसंच." त्याला शून्य परिकल्पना म्हणतात म्हणे. मी मॅट्रिक झाले, पण असलं उलटं शास्त्र आम्हाला नव्हतं. जे पटवायचंय त्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात!

हे जेवत राहिले. शाळेत दिवसभर क्लार्कगिरी करून घरी आले की ह्यांना तोंड फक्त जेवायला लागतं.

४ फेब्रुवारी

आप्पांनी हो म्हटलं!

मला वाटलेलं, चिडतील, जेवणार नाहीत. तर म्हणाले, "तपास की. नारळाला काय भ्यायचं." वर हसले. वय अठ्ठ्याहत्तर. कान गेले, गुडघे गेले. गावात अजून मान आहे तो त्या नारळाचा. तोही काढून घेतला तर माणूस कशावर उभा राहणार?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

धक्क्यावर धक्का.

नीरजा आप्पांसमोर कागद घेऊन बसली. मी ज्वारी निवडत होते. आप्पा म्हणाले, कोरडे गेलेले आधी लिही. आणि सांगत सुटले – कुणाचं रान, कोणतं साल, बांधाच्या कुठल्या अंगाला, लिंबाच्या कोणत्या बाजूला. न थांबता. अकरा!

अकरा? मी तर दोन-तीन धरून होते. गावात कुणीही बसलं की आप्पांच्या लागलेल्या बोअरच्याच गोष्टी निघतात. कोरड्यांचं नाव काढलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि लागलेले? ते आप्पांना धड आठवेनात! "व्हय, असतील. लोकांना विचार." नीरजालाच घरोघर फिरावं लागणार.

अकरावा बिराप्पाचा. आप्पांचा लहानपणापासूनचा सोबती, शेरडं एकत्र राखलेली. नऊ वर्षांपूर्वी त्याचा बोअर कोरडा गेला आणि त्याच वर्षी तो बायकापोरं घेऊन पुण्याला गेला, वॉचमन झाला. पुन्हा कधी जत्रेलासुद्धा आला नाही. त्याचं नाव सांगून झाल्यावर आप्पा उठले आणि उन्हात बाहेर गेले. तसेच, अनवाणी.

अनवाणीचं काही नवीन नाही. नऊ वर्षं त्यांच्या पायात चप्पल नाही. येडाईचा नवस आहे. कसला, ते कुणी विचारलं नाही. नवस विचारायचे नसतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

मी पूजेला बसले, विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं. डोळे मिटले की अकरा. अकरा. मन लागलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

नीरजाचं फिरणं संपलं. ज्यांनी आप्पांना न विचारता बोअर मारले तेही तिनं शोधून काढले. त्यांनी जागा कशी ठरवली? बोअरच्या गाडीवाला तिला म्हणाला, "लाइटच्या खांबापासून वायर कमी लागंल तिथं मारायचा, अक्का. त्यात काय बघायचं!" वायर! पाताळातलं पाणी आणि ही माणसं वायर बघायलेत!

आता आकडे. आप्पांनी दाखवलेले चाळीस, पाणी लागलं एकोणतीसला. वायरवाल्यांचे पन्नास, पाणी लागलं चौतीसला.

मी लगेच मनात हिशोब केला. आप्पांचे शंभरात साडेबहात्तर, त्यांचे अडुसष्ट. साडेचारनं आप्पा पुढं! देवाला हात जोडले. म्हटलं, झालं ना सिद्ध?

"न्हाय आई."

एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो म्हणे. नारळ अगदी कोरा असता आणि असे शंभरदा नव्यानं बोअर मारून मोजले असते, तरी चौसष्ट वेळा एवढा किंवा याहून मोठा फरक दिसला असता, कधी आप्पांच्या बाजूनं, कधी वायरवाल्यांच्या. पाचाहून कमी वेळा दिसला असता, तर तिनं नारळाला मान दिला असता. चौसष्ट कुठं आणि पाच कुठं!

म्हटलं, मग नारळ खोटा? तर तेही नाही! "खोटा ठरला असं म्या कुठं म्हटलं? खरा असल्याचा पुरावा मिळाला न्हाय, एवढंच." घ्या. ना हे ना ते. याला शिक्षण म्हणायचं!

मग तिनं दुसरं काढलं – कॉन्फिडन्स इंटरव्हल. म्हणजे एकच आकडा ठोकून सांगायचा नाही, इथपासून इथपर्यंत असं सांगायचं. हे मात्र मला लगेच कळलं. वर्षाला ज्वारी किती लागेल असं ह्यांनी विचारलं की मी कधी एक आकडा सांगत नाही. पाहुणे किती येतील कोण सांगावं? पाच ते सहा पोती म्हणते. एकच आकडा छातीठोक सांगणारीचा हिशोब हमखास चुकतो.

नीरजाचं उत्तर आलं – उणे चौदा ते अधिक तेवीस. म्हणजे आप्पांचा नारळ वायरपेक्षा शंभरात तेवीसनं सरस असू शकतो, किंवा चौदानं वाईटही! आणि शून्य अगदी आत बसलेलं. शून्य म्हणजे काहीच फरक नाही.

खरा फरक याच्या आतच आहे हे कशावरून? तर म्हणाली, येरमाळ्याच्या जत्रेत मांडलेल्या साबणावर रिंगा फेकतात तसं. साबण जागेवरच असतो, हलते ती रिंग. ही रिंग अशी बेतलेली की शंभरदा फेकली तर पंचाण्णव वेळा साबणाभोवती पडेल. पण आत्ता फेकलेली पडली का, ते कपडा झाकलेला असल्यानं दिसत नाही.

जत्रेतला साबण कळला. पण त्या कपड्याखाली माझे आप्पा आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे तोंडातून गेलं ते मी बोलले यावर माझा विश्वास बसत नाही. मीच! भाजीच्या पिशवीतले चार आणेसुद्धा जुळल्याशिवाय न झोपणारी!

नीरजा एकटी होती. तिला म्हटलं, त्या वायरवाल्यांचे चौतीस आहेत ना, ते अठ्ठावीस लिही. कोण बघायला जातंय? आप्पांची अब्रू राहील.

ती ओरडेल असं वाटलं. ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्या कालच करून बघितलं, आई. अठ्ठावीस केलं तरी शून्य आतच राहतंय."

कढी उतू गेली तरी उठलं नाही कुणी.

शेवटी तिनं चौतीसच ठेवलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

निर्जळी. बेल वाहताना एकच मागणं – आप्पांना त्या दिवशी ताप येऊ दे, बारीकसा. सासऱ्यांना ताप मागणारी सून! परवा कॉलेजात विज्ञान दिन, नीरजाचं सगळ्यांसमोर भाषण. आणि आप्पा म्हणतात, मी पहिल्या रांगेत बसणार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप आला नाही.

आप्पा धोतर-फेटा घालून, नारळ मांडीवर घेऊन बसले. पाय तसेच उघडे. गावातले दहा-बारा जण होते. नीरजानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. अकरासुद्धा. मागून कुणीतरी बोललं, मग म्हातारा एवढी वर्षं काय करत होता? हसले काही जण. मी पदर तोंडात धरला.

सरांनी विचारलं, कुणाला शंका? आप्पांनी हात वर केला. उभे राहिले.

"पोरी, ज्यांनी नारळ न्हाय लावला, त्यांचे किती कोरडे गेले?"

"पन्नासात सोळा, अज्जा. शंभरात बत्तीस."

"आन् माझे?"

"चाळीसात अकरा. शंभरात साडेसत्तावीस."

आप्पा इतकं हळू बोलले की सरांनी माईक पुढं धरला. "म्हंजी माझ्यामुळं बिराप्पाचा कोरडा गेला, असं म्हणता येत न्हाय."

"न्हाय अज्जा. तुमच्या आकड्यांत असं कुठंच दिसत न्हाय."

आप्पा बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, बराच वेळ. घरी आल्यावर जेवले नाहीत. हे म्हणाले, मोडलं म्हाताऱ्याला. पोरीनं मोडलं.

नीरजा माझ्या कुशीत रडून झोपली. मला तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही.

१ मार्च, शनिवार

देव्हाऱ्यातला आप्पांचा नारळ गेला! आप्पांनी तो पहाटेच उंबऱ्यावर फोडला आणि वाट्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, खोबरं वाया घालवू नको, चटणी कर.

केली. माझ्या ताटात तशीच राहिली. आप्पांनी दोनदा मागून घेतली.

२ मार्च, रविवार

आप्पा सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले. बिराप्पाकडे. निघताना ह्यांच्या जुन्या चपला मागून घेतल्या आणि घातल्या. नऊ वर्षांनी! सवय मोडलेली, अंगणातच अडखळले.

मी घाबरून म्हटलं, आप्पा, येडाईचा नवस?

म्हणाले, "नवस कुठला, शिवगंगा. ती शिक्षा होती."

आणि मी रोज सकाळी त्या पायांवर डोकं ठेवत होते, नवसाचे पाय म्हणून.