कुठं करमतं?

गुरुजी,

आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा उलट बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं करणार नाही एवढं नक्की. मी पाचवीत होते तेव्हाचं आठवतं का? त्या पावसाळ्यात आमच्या वावर गावात, आमच्या पाड्यावरची लहान पोरं उपासमारीने गेली, त्यात माझा दोन वर्षांचा भाऊ गेला. तुम्ही चिखल तुडवत आलात आणि आईला म्हणालात, "ही जगवायची असेल तर आश्रमशाळेत बसव." आईने पाठवलं. भात पोटभर मिळाला, मी जगले, हे मी कधी विसरले नाही. पण माझी वाचा गेली. हजेरीला मी नुसती उभी राहायचे आणि तुम्ही टिपून घ्यायचात. एकदाच धीर करून स्वयंपाकघराच्या दारात तुम्हाला म्हणाले, "गुरुजी, मना करमत नाय." तुम्ही आमटी चाखत होतात. डाव खाली न ठेवताच म्हणालात, "करमायला ही काय जत्रा आहे?" स्वयंपाकाच्या बायका हसल्या, त्यांच्याबरोबर मीही हसले. पुन्हा तो विषय काढला नाही. सव्वीस जानेवारीला तुम्ही मला कंपासपेटी दिलीत, सगळ्यात शांत विद्यार्थिनी म्हणून, आणि प्रगतिपुस्तकात वळणदार अक्षरात शेरा लिहिलात, 'शांत व गुणी'. मी ते अक्षर गिरवून गिरवून माझं करून घेतलं.

तुम्ही म्हणायचात, आपल्या पोरांना मनाचं दुखणं नसतं, ती भरल्या पोटाची थेरं. आता मी मोखाड्याच्या वरच्या अंगाला एका आश्रमशाळेत शिकवते. यंदा दिवाळीनंतर वरून छापील फॉर्म आले, मुलांच्या मनाची तपासणी करायची म्हणून. कुणीतरी शहरात बसून फार शुद्ध भाषेत लिहिलेले. 'तुला निराश वाटते का?' याला सगळ्या वर्गाने 'नाही' लिहिलं, कारण निराश म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. 'तुझे जेवण कमी झाले आहे का?' याला मात्र एकजात सगळ्यांनी 'होय' लिहिलं. एकीने तर खाली जोडलं, 'दोनदा मागितला तरी भात वाढत नाय.' मुख्याध्यापकांचा चेहरा पाहायला हवा होतात. म्हणाले, "बाई, ही मनाची तपासणी आहे का स्वयंपाकघराची? सगळीकडे 'नाही' करून टाका, विषय संपला."

मी नाही केलं. गठ्ठा बाजूला ठेवला आणि माझ्या आठवीच्या वर्गातल्या एकेका मुलीला पायरीवर शेजारी बसवून तुमच्या जत्रेतलाच शब्द विचारला, "करमतं का गं?" जवळजवळ सगळ्या म्हणाल्या, "नाय." आधी मीही घाबरले. मग दुसरा प्रश्न सुचला, "मग कुठं करमतं?" त्यावर तोंडं उजळली. कुणी म्हणाली घरी, कुणी मामाकडं, कुणी सूर्यमाळला आजीकडं, एक म्हणाली शेळ्यांमागं. पोरीला कुठंतरी करमत असेल तर ती घराला झुरते आहे, आणि घराला कोण झुरत नाही? त्यांतच एक होती, वह्या स्वच्छ, केस चोपून बांधलेले, कधी तक्रार नाही. तिने बराच वेळ पायरीवरची माती नखाने उकरली आणि म्हणाली, "कुठंच नाय."

"घरी?"

"घरी पन नाय, बाई. कुठंच नाय."

त्या आठवड्यात तिने आपल्या रिबिनी, कंगवा, शाळेतून मिळालेला कोरा टॉवेल मैत्रिणींना वाटून टाकला होता. मैत्रिणींना वाटलं, हिचं लग्न ठरलं. त्या तिला चिडवत होत्या आणि ती चिडवून घेत होती. मला ते कळलं तशी मी मुख्याध्यापकांकडे धावले; जीव द्यायचं ठरवलेलं माणूस असंच आपलं सगळं वाटून टाकतं. मुख्याध्यापक म्हणाले, घरी पाठवून द्या, शाळेवर बालंट नको. मी म्हणाले, "आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर आहेत, दाराला काठी लावलेल्या रिकाम्या झोपडीत पाठवू का?" ते म्हणाले, तुमच्या जबाबदारीवर काय ते करा. मग माझ्या जबाबदारीवर. तीन रात्री ती माझ्या खोलीत झोपली, आणि चौथ्या दिवशी आम्ही एसटीने जव्हारला, ठाण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते काय म्हणाले ते तिचं आणि त्यांचं. ती गोळ्या घेते, दर महिन्याला मी तिला नेते. मेमो आला आहे, विनापरवानगी शाळा सोडल्याचा. तो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. गेल्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "बाई, मामाकडं थोडं करमतं." त्या 'थोडं'साठी मी असे दहा मेमो घेईन.

तर गुरुजी, तुमचं चुकलं होतं. पोट भरलं होतं माझं, आणि तरीही वर्षभर मी कुठंच नव्हते. शांत पोरीला बक्षीस देऊ नये, तिला पायरीवर बसवून विचारावं. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून हे पत्र नगरला तुमच्या घरी पाठवायचं, तुमच्या मुलाने ते तुमच्या फोटोसमोर मोठ्याने वाचावं, असं मनाशी ठरवलं होतं. पाकिटावर पत्ताही लिहून झालाय.

पण आता पाठवणार नाही. डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्या पोरीचं सहामाहीचं प्रगतिपुस्तक काढलं होतं, ते अजून टेबलावर उघडं आहे. शेऱ्याच्या रकान्यात 'शांत व गुणी' लिहिलंय. वळण तुमचंच आहे गुरुजी, पण अक्षर माझं आहे.