तोंडासमोरचा पुठ्ठा

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज आमचे मुख्य कोच होलिस माझ्याशी बोलतानाही तोंडासमोर पुठ्ठा धरून होते!

शनिवारी फुटबॉलच्या सामन्यात धरतात, ते ठीक. पुठ्ठ्यावर चाली लिहिलेल्या असतात आणि पलीकडे कोणीतरी दुर्बीण लावून ओठ वाचत असतं. आम्ही सगळेच धरतो. पण आज नुसता सराव होता. मैदानात आपलीच पोरं. समोर मी. त्यांच्यामागे तीन राज्यं फिरलेला माणूस.

"बचावाचं तू बघ, लाईल." पुठ्ठ्यामागून एवढंच. मग कॉल्टनकडे वळले. त्याच्याशी बराच वेळ.

कॉल्टन आक्रमण बघतो. परवापरवापर्यंत स्वतः हेल्मेट घालून, चेंडू काखेत धरून धावत होता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

जोलीनला सांगितलं. हसली. "होलिसच्या तोंडाला वास येत असेल. तू धंद्यात राहून राहून नवऱ्यासारखा नाही, पहारेकऱ्यासारखा वागायला लागलायस."

असेल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

कोचच्या खोलीत नवा सूट टांगलाय. अजून प्लास्टिकमध्ये. होलिस ब्रँट पुतणीच्या लग्नालाही कॉलेजचं जॅकेट घालून गेले होते. आमच्या धंद्यात सूट मुलाखतीला लागतो, नाहीतर मयताला. कोणी मेलेलं नाही.

म्हणजे मोठ्या विद्यापीठात चाललेत. नवा मुख्य कोच आला की आपली माणसं घेऊन येतो. जुन्यांनी खण रिकामे करायचे. जाणारा आपल्याबरोबर कोणाला नेतो, ते त्याच्या मर्जीवर. कॅन्ससहून इंडियानाला, तिथून इथे ओहायोत — प्रत्येक वेळी त्यांनी आधी मला विचारलं होतं. "लाईल, खोकी आहेत ना घरात?" असं.

या वेळी विचारलेलं नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जिंकलो. पण सगळ्या चाली कॉल्टनने सांगितल्या! कोच कडेला गप्प उभे. एरवी त्यांनी स्वतःच्या बापाच्या हातीसुद्धा चाली सांगायचा माइक दिला नसता.

त्याला तयार करतायत. बरोबर न्यायला.

रविवार, २६ ऑक्टोबर

चर्चहून येताना कोचची गाडी कॉलेजच्या अध्यक्षांच्या दारात दिसली. मी हात केला. कोचनी बघितलं, आणि मान वळवली. मान वळवली!

जोलीन भिंतीला टेकवलेल्या तसबिरींकडे बघत होती. आमच्या घरी खिळे ठोकत नाहीत. "टेसाचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे," म्हणाली. "लेकीच्या बँडचा फोटो तरी लावू का?"

"थांब थोडी."

"थांबलेच आहे रे मी."

एक्कावन्न वर्षांचा झालो. शाळेच्या पोरांचे घामट कपडे धुण्यापासून सुरुवात केली. मुख्य कोच एकदाही नाही. आता कोणाच्या मागे जायचं?

सोमवार, ३ नोव्हेंबर

मार्लो कॉलेजातून फोन. त्यांना मुख्य कोच हवाय.

मार्लो! दरवर्षीचा शेवटचा सामना त्यांच्याशीच. त्यांचा रंग जांभळा, म्हणून आमच्या गावात जांभळी गाडी कोणी घेत नाही.

मुलाखतीला येतो म्हणालो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हमरस्त्यावरच्या हॉटेलात तिघे होते. अदबीने वागले. "कोच" म्हणाले मला. गोड म्हणून भोपळ्याची पाई मागवली.

मग पांढरा फळा. मुलाखतीत फळा असतोच. "समजा तुम्ही आमचे कोच. समोर होलिस. थोडंसंच अंतर राहिलंय. कसं अडवाल?"

पेन हातात घेतल्यावर मला थांबता येत नाही. कधीच आलं नाही. सगळं काढलं. बचाव कुठे उभा करायचा तेही. आणि आमची गुप्त खूण, कॉल्टनने टोपी चाचपली की मधून धाव, नाही चाचपली की लांब फेक — तेही. कोणी मागितलं नव्हतं.

एकाने फळ्याचा फोटो काढला. "बोर्डाला दाखवायला." निघताना म्हणाले, "सामने संपू देत. फोन करतो."

घरी येताना रेडिओ लावला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सरावात सगळ्यांदेखत म्हणालो, टोपीची खूण जुनी झाली, बदलू या. कॉल्टन म्हणाला, "काय सर, एवढ्यात कोण ओळखतंय? पोरं गोंधळतील." कोचनी पुठ्ठ्यामागून मान हलवली. राहू दे.

मी पुन्हा बोललो नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हरलो. कॉल्टनने टोपीला हात लावला की जांभळे मधोमध भिंतीसारखे उभे. दर वेळी! शेवटी शेवटी तो रडकुंडीला आला.

मार्लोचा फोन नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी कोच घरी आले. स्वयंपाकघरात बसले. पुठ्ठा नव्हता.

तोंडाची डावी बाजू ओघळलेली. कॉफी त्या बाजूने गळते. रुमाल तयारच ठेवतात.

"ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आला," म्हणाले. सावकाश. शब्द एकेक करून. "पोरांना दिसू नये... म्हणून. लांब चाल... तोंडातून निघत नाही. कॉल्टनला सांगायला लावलं."

"मला नाही सांगितलंत."

"तू लगेच घरी बसवलं असतंस." हसले, अर्ध्या तोंडाने. "सूट उद्यासाठी आहे. मी निवृत्त होतोय. माझ्या जागी अध्यक्षांना कॉल्टन हवा होता. दिसायला बरा! दीड महिना भांडलो. म्हटलं, लाईल. नाहीतर माझा पुतळाबितळा उभारू नका."

मी तोंड ओंजळीत लपवलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

जोलीन उठली आणि हातोडी घेऊन आली. ते गेल्यावरही ठोकत होती. टेसा खिळे धरत होती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

माझं नाव जाहीर झालं. टाळ्या. सगळ्यात जोरात कॉल्टनच्या.

नंतर कोचनी बाजूला घेतलं, तोंडासमोर पुठ्ठा धरला. "तुझं पहिलं काम. टोपीची खूण... कोणी फोडली, शोध. मला कॉल्टनचा संशय आहे."

मग पुठ्ठा माझ्या हातात दिला. आता तुझा, म्हणाले.

मी तो तोंडासमोर धरला.

"बघतो, कोच."