झालं हो, वहिनी

प्रिय भावोजी,

खळ्यात पडदा बांधून झाला. एक टोक फणसाला, दुसरं मांडवाच्या खांबाला, तुम्ही बांधायचात तसंच. तरी मधे पोट सुटलंयच. तुमच्या वेळीही सुटायचं, आणि तुम्ही शिडीवरून ओरडायचात, "वहिनी, लांबून बघून सांगा हो, तिरका आहे का?" मी म्हणायचे, "पडदा सरळ आहे, तुम्हीच तिरके आहात." आज शिडीवर तुमची मुग्धा होती, संगणकावर तुमच्या सिनेमाचे तुकडे जोडत बसणारी. तिनं तेच विचारलं, आणि मी नुसतं "सरळ आहे" एवढंच म्हटलं. घरात आले आणि म्हटलं, अंधार पडायला अवकाश आहे, भावोजींना चार ओळी लिहाव्यात. भांडायला आता दुसरं आहे कोण मला?

आज तुमचा शेवटचा सिनेमा दाखवायचाय. अर्धाच. तो असा अर्धा का दाखवतोय, ते तुम्हाला कळायला हवं. नाहीतर वरून म्हणाल, माझ्या पाठीमागे दादा-वहिनींनी वाट लावली.

पण आधी माझं भांडण. छातीत दुखतंय हे आधी सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला? श्रावणातला तो सोमवार. पडवीत खुर्चीवर बसलात, म्हणालात, "वहिनी, चहा टाका." आलं किसून चहा टाकला, कप घेऊन बाहेर आले, तर मान कलंडलेली. आम्हाला वाटलं डोळा लागला. अहो, उभ्या जन्मात तुम्ही कधी चहा थांबवून झोपलात? तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सगळंच जगाच्या उलट तुमचं! मामंजींना वाटायचं, धाकट्यानं बाग बघावी, नाहीतर मास्तर व्हावं. तुम्ही पुण्याला जाऊन सिनेमा शिकलात. मग मुंबईत मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली राबलात. आम्ही गावभर सांगितलं, आता आमच्या भावोजींच्या सिनेमात नाचगाणी येणार, हिरॉइन घरी जेवायला येणार. आणि तुम्ही एक दिवस एसटीतून उतरलात, हातात वळकटी आणि खांद्याला कॅमेरा. म्हणालात, "तिथं सगळे खोटं खोटं चालतात हो, वहिनी. मला खरं चालणारी माणसं हवीत."

मामंजी आठवडाभर तुमच्या नावानं खडे फोडत होते. शेवटी तुमच्या दादांनीच त्यांना सांगितलं, "त्याला करू दे काय करायचंय ते. बाग मी बघतो." तेवढंच बोलले, आणि त्यानंतर जन्मभर बागच बघितली.

पहिला सिनेमा काय, तर खाडीवरची होडी! तरवाला माणसं अलीकडून पलीकडे नेतो, पलीकडून अलीकडे आणतो. ओहोटी लागते, भरती येते. संपलं! दुसरा मिरकरवाड्याच्या बंदरातला. त्यात निदान लिलावाची आरडाओरड तरी होती. त्याला परदेशात बक्षीस मिळालं, म्हणून रत्नागिरीत तुमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि मग सिनेमा. मध्यंतरात निम्मी माणसं वडे खायला गेली ती परत आलीच नाहीत. तुमचे दादा दारात उभे राहून एकेकाला बघत होते, आता येतील, मग येतील. तुम्ही मात्र पहिल्या रांगेत बसून खुशाल हसत होतात. घरी येताना म्हणालात, "दादा, जे राहिले ते शेवटपर्यंत राहिले ना?"

मीही राहिले होते. झोपले होते, पण राहिले होते! तुमच्या प्रत्येक सिनेमात मला झोप लागली हे काही गुपित नाही. तुम्हीच चारचौघांत सांगायचात, "वहिनी घोरायला लागल्या की समजायचं, सिनेमा जमला."

आणि असल्या बाईला तुम्ही शेवटी हिरॉइन केलंत! गेल्या आंब्याच्या दिवसांत म्हणालात, "वहिनी, ह्या वेळी तुम्ही." मी ठेवणीतली साडी नेसून, पावडर लावून पडवीत आले. तुम्ही वरपासून खालपर्यंत बघितलंत. "लग्नाला निघालात का कुठं? रोजचं पातळ नेसा आणि रोज करता तेच करा." मी म्हटलं, "मग त्यात सिनेमा कसला?" तर म्हणे, "तेच तर बघायचंय."

तुमच्या शूटिंगचं मला राहून राहून हसू येतं. बाकीच्यांकडे ती काळी पाटी असते, फटकन वाजवतात. तुमच्याकडे दोन करवंट्या. मुंबईहून तो आवाजवाला आला होता ना, त्यानं पहिल्या दिवशी पोट धरून हसून घेतलं. तुम्ही शांतपणे त्याला सांगितलंत, "आवाज आणि चित्र जुळवायला एक ठोका लागतो. तो नारळाचा असला म्हणून काय बिघडलं?" खटक! झालं सुरू. आणि थांबवताना तुम्ही कधी कट म्हणाला नाहीत. म्हणायचात, "कुणाचं काम असं मधेच तोडू नये. आधी त्याचं होऊ द्यावं." समोरच्याचं काम आटोपलं की मग आपलं हलकेच, "झालं हो."

दुसरी तुमची रीत खळ्याची. भात झोडून झालं, खळं चोपून सारवून झालं, की पहिला खेळ तिथं. ज्याचं तोंड पडद्यावर दिसतंय त्यानं आधी बघायचं, आणि तो म्हणाला "हे काढा," की काढायचं. तुमच्या त्या बंदरातल्या सिनेमात मासेवाली शेवंती नवऱ्याशी भांडते तो तुकडा होता. काय भांडली होती! मुग्धा म्हणते, अख्ख्या सिनेमात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. शेवंती खळ्यात उभी राहिली, "भावजी, ता काढा. घरातला हाय ता." आणि तुम्ही काढलात. मुग्धा रडकुंडीला आली होती. तुम्ही तिला म्हणालात, "भांडण तिचं आहे, आपण फक्त कॅमेरा नेला होता."

तर आता ऐका काय झालं ते.

तुमचे दिवस झाले आणि मुंबईच्या एका कंपनीचा फोन आला. तुमचा शेवटचा सिनेमा ते पुरा करणार, घरोघरी टीव्हीवर, मोबाइलवर दाखवणार. तुमच्या दादांना काय आनंद झाला! जन्मभर लोकांनी त्यांना विचारलंय, "धाकटे बंधू हल्ली करतात काय?" आणि जन्मभर ते म्हणत आलेत, "आहे, त्याचं काम चालू आहे." आता एकदा जगाला दाखवता आलं असतं, हे बघा, हे करत होता! मला म्हणाले, "अगं, मधूचं नाव होईल. कपाटात ठेवून काय त्याची लोणची घालायचीत?" मलाही पटलं. त्यांनी मुग्धाला सांगून सगळ्या चित्रीकरणाची नक्कल पाठवली.

मागच्या पंधरवड्यात त्यांनी नमुना पाठवला. थोडासाच तुकडा, मोबाइलवर. तुमचे दादा चष्मा पुसून बसले, मी शेजारी.

त्यात मी पडवीत बसलेय. आंब्याच्या पेटीत घालायला पेंढा निवडतेय. निवडता निवडता थांबते आणि बेड्याकडे, आवाराच्या फाटकाकडे बघते, कोण येतंय का म्हणून. लगेच व्हायोलिन! असलं रडकं, की आपल्याच घरात कुणी गेलंय असं वाटावं. आणि वरून एक घोगरा पुरुष बोलतो, मुंबईला गेलेल्या लेकराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली कोकणातली माय.

माय? आमच्यात कोण म्हणतं माय? आणि कसलं लेकरू, कसली मुंबई! माझा लेक सावर्ड्यात दुकान घालून बसलाय, दर शनिवारी येतो आणि जाताना डबा भरून नेतो. त्याच्या वाटेकडे कशाला डोळे लावू? मी वाट बघत होते शेवंतीची! त्या दिवशी तिला उशीर झाला होता, आमटीचं वाटण वाटून तयार होतं, आणि मासळीचा पत्ता नव्हता. म्हणून बेड्याकडे बघत होते. जळ्ळं मेलं ते व्हायोलिन!

शेवंती दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली तेव्हा तिला दाखवलं. तिनं मोबाइल उलटसुलट करून बघितला. "आनि मी कुटं हाय ह्याच्यात?" म्हटलं, नाहीस. "माजी हाळी? हाळी बी खाल्लीनी?" म्हटलं, हो बाई, ती पण खाल्ली. तर पाटी डोक्यावर घेत म्हणते, "मंग वयनी, तुमी बेड्याकडं बगताव कशाला?"

हेच तर ना! मी बघते कशाला? पण तुमचे दादा ऐकेनात. म्हणाले, "एवढ्या-तेवढ्यावरून घालवणार का तू? त्याला इथं कुणी ओळखलं नाही. निदान आता तरी ओळखू दे." भावोजी, ते चुकत होते असं मला म्हणवत नाही. दोन दिवस त्यांचं ताट वाढून मी आत निघून जायचे. परवा ते लोक सही घ्यायला येणार होते.

म्हणून मी मुग्धाला बोलावलं. म्हटलं, भावोजींनी तो तुकडा जसा घेतला तसा दाखव. न कापता.

खटक, करवंट्या वाजल्या. मी पेंढा निवडतेय. थांबले. बेड्याकडे बघतेय. आणि बघतेच आहे. कोंबडी आडवी गेली. मी एक काडी दातात धरली. मागे कुकरची शिट्टी झाली. पुन्हा बेड्याकडे. एरवी मला इथंच झोप लागली असती. पण त्या दिवशी मीच माझ्यासाठी जीव टांगून बसले होते, येते की नाही बाई आज! आणि मग लांबून, आंब्यांच्या मागून, "वयनीऽऽ! बांगडंऽऽ!"

मी हसले. भावोजी, पडद्यावरची मी अशी हसले, की मी स्वतःला तसं हसताना कधी बघितलंच नव्हतं. फोटोत आपण दात दाखवतो, ते निराळं. हे नुसतं माशांसाठी होतं, आणि मैत्रिणीसाठी. तुम्ही त्या हसण्यासाठी एवढा वेळ उभे होतात? पाय दुखले नाहीत तुमचे? माझ्या डोळ्यांतून पाणी काढायला त्यांना व्हायोलिन लागलं, आणि तुम्ही मला माझं हसू दाखवून रडवलंत.

पण अजून संपलं नव्हतं. मी उठले, पदर खोचला, ताट घ्यायला आत गेले. पडवी रिकामी. आणि कॅमेऱ्याच्या मागून तुमचा आवाज आला.

"झालं हो, वहिनी. चहा टाका."

तुमच्या दादांनी मुग्धाचा हात धरला. "परत लाव." तिनं लावलं. "परत लाव." मग उठून पडवीत गेले, तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मला म्हणाले, "इथंच बसलावता ना गं तो?" म्हटलं, हो. मग खुर्चीचे हात पंचानं पुसत राहिले. तुम्ही असतात तर तेवढंही घेतलं असतंत.

आत येऊन त्यांनी स्वतःच फोन लावला. म्हणाले, "आमच्याकडे रीत आहे. आधी खळ्यात दाखवायचं. न कापलेलं. लोक म्हणतील तसं करायचं. मग सही." पलीकडचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, काका, असा संथ आणि अर्धवट सिनेमा आजकाल कुणी बघत नाही, आमचं जमायचं नाही. तुमचे दादा म्हणाले, "जे राहतील ते राहतील," आणि फोन ठेवला.

तर गेलं ते. जग काही तुमचा सिनेमा बघणार नाही. वाईट वाटतंय मला, खोटं कशाला सांगू? काल रात्रीही तुमचे दादा कूस बदलत होते. आपण केलं ते बरोबर ना, हे विचारायला तुम्ही हवे होतात. पण तुम्ही असतात तर विचारावंच लागलं नसतं, नाही का?

आता माणसं जमायला लागलीत. लेक सावर्ड्याहून आलाय. शेवंती मिरकरवाड्यातून चांगली रिक्षा भरून बायका घेऊन आलीय, सगळ्यांना सांगत सुटलीय, "माजी हाळी हाय ह्याच्यात." करवंट्या तुमच्या पिशवीत सापडल्या, हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात. सुरुवातीला त्या मी वाजवणार आहे. तुमच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही म्हणून सांगितलंय. चहा थर्मासात भरलाय, आलं घातलंय.

रीत मोडणार नाही आम्ही. ज्याला जे काढायला हवं असेल ते मुग्धा काढेल. पण ती सांगत होती, सर शेवटी स्वतःचा आवाज सगळीकडून पुसून टाकायचे, म्हणायचे, करणाऱ्याचा आवाज सिनेमात कशाला? तर भावोजी, तेवढं मी होऊ देणार नाही. खळ्यातल्या कुणी म्हटलं तरी नाही, आणि तुम्ही वरून म्हटलंत तरी नाही. त्या तुकड्यात माझंही तोंड आहे, तेव्हा मलाही हक्क आहे! ती पडवी रिकामी होईल, आणि तुम्ही चहा मागाल. दर वर्षी, खळं सारवून झालं की, ह्याच पडद्यावर मागाल.

आणि आज मी झोपणार नाही. शप्पत!

तुमच्या सगळ्या सिनेमांत घोरलेली,
तुमचीच
वहिनी