पांढऱ्या कॅनात ऑइल न्हाई

आत्याबाई,

तुमच्या लेकानं होडीच्या इंजनासाठी नेलेला पांढरा कॅन नुसत्या पेट्रोलचा हाय. पाच लिटरला शंभर मिली ऑइल रोज मीच घालते, आज घातलं न्हाई. "ऑइल टाकलं का?" म्हणून त्यांनी विचारलं, पण चार दिवसांचा अबोला, मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं टाकलं.

बिनऑइलचं इंजन पाण्यात मधीच जाम होईल, मग पुन्हा चालू व्हायचं न्हाई. धरणाची दारं उघडलीत, पाण्याला ओढ लय हाय. तुमची नात छकुलीबी होडीतच हाय. त्यांचा फोन घरीच राहिला.

मी ऑइल मिसळलेला कॅन घेऊन थर्माकोलच्या तराफ्यावर निघाले. आजवर त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं न्हाई, आज "महारुद्र, इंजन बंद कर" म्हणून वरडत जायलेय. तुमचा आवाज मोठा हाय. काठावर या, तुमीबी वरडा.

राजेश्री