लेकीची एकविसावी बाटली

९ एप्रिल
हरली! आज वीस वर्षं पुरी झाली आणि लेकीची वाईन अजून घसा खरवडतेय. बूच काढलं, घोट घेतला, थुंकला. निकाल तोच.

एकोणीस वर्षांची होती, तेव्हा तिनं एकटीनं एक छोटं पिंप भरलं होतं. एकवीस बाटल्या निघाल्या. मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो, "ही वाईन नाही, काढा आहे. खोकल्यावर विका." सगळे हसले. ती नाही. "वीस वर्षं ठेवा, मग बोला," म्हणाली आणि दुसऱ्यांच्या तळघरात नोकरीला गेली. आज तिथली मुख्य आहे. आईला भेटायला येते, माझ्याशी उकाड्यावर बोलते. पण आमच्या तळघराच्या पायरीवर पाय ठेवत नाही.

मीही तिचाच बाप! दर नऊ एप्रिलला एक बाटली उघडली. वीस झाल्या. एक उरली.

१० एप्रिल
फोन केला. "वीस झाली. अजून काढाच." पलीकडून म्हणते, "उघडून किती वेळ ठेवली होती?"

ठेवायची कशाला? वाईन काय आजारी माणूस आहे, हवापालटाला न्यायला? मी बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली. तिथं चाखणारे उभ्या-उभ्या चाखायचे — बूच, घोट, थुंक, निकाल. त्याच जिभेवर मी हे तळघर उभं केलं.

तिनं फोन ठेवला. ठेवू दे!

११ एप्रिल
अठ्ठावीसला तळघराचा खरेदीदार सहीसाठी येतोय. त्याला जागा हवी, पिंपं नकोत. एकाहत्तराव्या वर्षी मी कुणासाठी राखायचं? बायकोला विचारलं, तर ही म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा." म्हणजे तिला पसंत नाही.

१३ एप्रिल
आमच्या तळघराचं छत कमानीचं आहे. त्या टोकाला कुजबुजलं की या टोकाला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. गिऱ्हाईकं तिकडे भाव कुजबुजायची, निम्मा धंदा त्यावरच झाला!

आज मात्र नको ते ऐकलं. ही आणि आमचा पिंपवाला पलीकडे बोलत होते. तो माझ्याइतकाच जुना, पिंपं दुरुस्त करण्यात हयात गेली.

"वहिनी, मालकांनी नाकारलेली ती बाटली तुम्ही ओतून टाकता ना?"

"छे हो! बूच लावून ठेवते. दुसऱ्या दिवशी जेवताना माझी मी घेते. सात-आठ वर्षं झाली, काय सुरेख लागते!"

मी पिंपाला टेकून उभाच राहिलो.

१४ एप्रिल
विचारलंच. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही निकाल द्यायला बसता. निकालानंतर कोण बोलणार?"

"यंदाची कशी होती?"

"यंदाची दुसऱ्या दिवशी मलूल वाटली. म्हाताऱ्या माणसाला रात्रभर जागवावं तशी."

म्हणजे आता त्या वाईनला रात्रभर हवा सोसत नाही. आणि उघडल्या-उघडल्या ती तुरट! चांगली असण्याची वेळ मध्येच कुठेतरी आहे. कुठे, ते शोधायला बाटली एकच.

पिंपवाल्याला विचारलं. म्हणाला, "मालक, तरणी वाईन दोन-दोन तास उघडी ठेवा, सुधारते. म्हातारीला जपून. तासाभरात खुलेल, नाहीतर तासाभरात जाईल. शेजारी बसून राहायचं, दुसरा उपाय नाही."

चुकलो असेन. पण काढा तो काढाच होता! पहिली दहा वर्षं तरी.

१५ एप्रिल
लेकीला फोन. "रविवारी ये. तळघरात. शेवटची आहे." म्हणाली — "येते."

१६ एप्रिल
बाटली उभी करून ठेवली, गाळ तळाला बसायला. कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. ही म्हणाली, "मीसुद्धा?" तूसुद्धा! तूच तर!

१९ एप्रिल, रविवार
आली. पायरीवर थबकली, मग उतरली. बूच तिनंच काढलं, मधेच तुटू न देता. हात माझाच आहे.

पहिला घोट — खरखरीत. मी थुंकलो नाही. उलट्या पिंपांवर समोरासमोर बसलो. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. एवढा वेळ आम्ही एकमेकांसमोर बसलोच नव्हतो.

पाव तासानं दुसरा घोट. जरा नरम. तिनं तिथल्या कामाचं सांगितलं. अर्ध्या तासानं तिसरा. मी खरेदीदाराचं सांगितलं. तिनं पेल्यातली वाईन घोळवली. घड्याळात तास झाला. तिनं पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मी प्यालो. काय सांगू! जुनं चामडं, सुकी फळं, आणि ती खरवड कुठल्या कुठे गेलेली.

म्हटलं आता लेक उड्या मारणार. तर म्हणते, "बाबा, तुमचं बरोबर होतं. मी द्राक्षांचे देठ काढलेच नव्हते, तोच तो तुरटपणा. तुम्ही बोललात त्याच दिवशी मला कळलं होतं."

"मग वीस वर्षं कशावरून म्हणालीस?"

"सगळे हसत होते. तोंडाला आला तो आकडा ठोकून दिला."

ठोकून दिला! मी वीस वर्षं त्या आकड्याला पहारा दिला! इतकं हसलो की पिंपवाला धावत आला. ती म्हणाली, "चूकच होती ती वाईन." मी आवाज चढवला — माझ्या तळघरात या वाईनला नाव ठेवायचं नाही, तूसुद्धा!

मग मान खाली घालून म्हणाली, "सही करू नका, बाबा." हे तिनं अगदी हळू म्हटलं. पण कमानीनं पोचवलं — त्या टोकाला ही उभी होती, डोळे पुसत.

२८ एप्रिल
खरेदीदार आला. चहा पाजून परत पाठवला.

५ फेब्रुवारी, पुढचं वर्ष
आज लेकीबरोबर नवं पिंप भरलं. देठ मी स्वतः काढले, एकेक. तिनं खडूनं पिंपावर लिहिलं — वीस वर्षं. मी खाली लिहिलं — आणि एक तास. तेव्हा मी एक्क्याण्णवचा असेन. असेनच!