वजन पडद्यावर येईना

माय, त्या सोमवारी सकाळी मारुतीच्या देवळात मी पेटलेल्या वातीलाच पुन्हा काडी लावायला गेलो. ज्योत होती, पण ती डाव्या कडेला होती, आणि कडेचं मला आता नीट दिसत नाही. बोटाला चटका बसला तेव्हा कळलं. देवळात दुसरं कोणी नव्हतं. कोणी पाहिलं नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि देवापुढे उभं राहून असं बरं वाटावं याची लाजही वाटली. तेवढ्यात पिंपळगाव राजाच्या रस्त्यावरच्या जिनिंगमधून मुनिमाचा फोन आला. "लवकर या, साहेब. काटा वजन दाखवते, पण काम्पुटरवर येऊनच नाही राह्यलं. कापसाच्या गाड्या पार सडकेपर्यंत लागल्या." मी प्रसाद न घेताच निघालो.

तुला आधी दुसरं सांगायला हवं. दसऱ्याच्या सुमारास मी बुलडाण्याला डोळे दाखवून आलो. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला काचबिंदू होता का? मी तुझं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, तो तुम्हालाही आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांवर टिकवू. आणि मुलीचे डोळे तपासून घ्या, हे घराण्यात उतरतं. थेंबांची बाटली मी हत्यारांच्या पिशवीत, पेचकसांच्या खाली ठेवली. घरी सांगितलं, चष्मा बदलायचा आहे. कारण तुझ्या नातीची सोयरीक संग्रामपूरकडे जमत आली होती. मुलगा चांगला, माणसं मोकळी. अशा वेळी आजी आंधळी होती, बापाची नजर चाललीय, हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं? बैठक होऊ दे, मग पाहू. साखरपुडा होऊ दे, मग पाहू, असं करत संक्रांत उलटली. पोर रात्री सुईत दोरा ओवायला लागली की मी तिच्याकडे बघत बसायचो, आणि तिने मान वर केली की दुसरीकडे पाहायचो.

जिनिंगमध्ये ट्रॅक्टरसकट कापसाचं वजन होतं तो मोठा काटा आहे. काट्याजवळच्या डब्यावर लाल आकडे उमटतात, ते एका वायरीतून खोलीतल्या संगणकात जातात आणि पावती निघते. तो संगणक मीच जुन्या सामानातून उभा केलेला, लिनक्सवर. ही प्रणाली कोणाच्या मालकीची नाही. आत काय चाललंय ते कोणीही उघडून बघावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. मालकाला ती फुकट म्हणून आवडली, मला उघडी म्हणून. तिच्यात काही लपवलेलं नसतं. काय झालं, कधी झालं, हे ती स्वतःच ओळीने लिहून ठेवते. वाचणाऱ्याला धीर हवा. आदल्या संध्याकाळी मी तिच्यावर नवे बदल चढवले होते, म्हणजे जे बिघडलं ते माझ्याच हाताने.

मी वायर बदलली, दुसऱ्या खोबणीत लावून पाहिली, संगणक बंद करून चालू केला. बाहेर हॉर्न वाजतायत, एक जण ओरडतो, "काय बे, आज वजन करता का उद्या?" मी नोंदी वाचतोय. वायर आली, ओळखली, आणि लगेच सुटली. मधली एक ओळ मला सापडत नाही. मान उजवीकडून डावीकडे वळवून पडद्याच्या कडेपर्यंत जातो तेव्हा ती दिसते. मुनीम म्हणतो, "मान काऊन वाकडी करून राह्यले? काम्पुटर लाजते काय तुम्हाले पाहून?" खोलीतले हमाल हसतात. मीही हसतो.

ओळ अशी होती की दुसराच एक प्रोग्राम ती वायर आपली समजून पळवत होता. तो आंधळ्यांसाठीचा प्रोग्राम आहे, माय. पडद्यावरची अक्षरं उंचवट्याच्या ठिपक्यांत उमटवणारं एक यंत्र असतं, बोटांनी वाचायचं. तशा काही यंत्रांच्या वायरीचा ओळख क्रमांक आणि आमच्या काट्याच्या स्वस्त वायरीचा क्रमांक एकच निघाला. आपल्या वाटेचं कोणी आलं असं समजून तो बिचारा धावत जात होता आणि वायर धरून बसत होता. इंटरनेटवर या दुखण्यावर ढीगभर लोकांनी एकच उपाय लिहिला आहे: तो काढून टाका, तुम्हाला काय करायचाय? मी काढायचा हुकूम टाइप केला आणि बोट बटणावर ठेवून थांबलो. मुनिमाला कारण सांगितलं. तो वैतागला. "मंग काढा ना लवकर! आपल्या काट्यावर कोण आंधयं बसून राह्यलं?"

मला तेव्हा आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. भाकरी थापताना तुझा हात न चुकता पाण्याच्या वाटीकडे जायचा, आणि आम्ही वाटी वीतभर जरी सरकवली तरी तू ओरडायचीस, "जिथचं तिथं ठेवत जाय रे, मले काय डोये हायेत?" पण ते पुढचं. त्याच्या आधीची दोन वर्षं तू कोणाला काहीच कळू दिलं नव्हतंस. डोळे चोळायचीस आणि म्हणायचीस, चुलीचा धूर लागला. एका दुपारी तू वरण बाबांच्या ताटात न वाढता ताटाबाहेर ओतलंस. बाबांचा घास हातातच राहिला. "दिसत नाही काय तुले?" तू म्हणालीस, "थोडं थोडं दिसते," आणि पदराने जमीन पुसायला लागलीस. खामगावच्या दवाखान्यात ऐकायला मिळालं की आधी आणलं असतं तर काही वाचलं असतं. तू का लपवलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. वरण सांडलं त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं होतं, एवढं आता लक्षात येतं.

मी मुनिमाला म्हणालो, "मी आहे ना. आज नाही, पण पुढंमागं मीच."

तो हसणार होता, पण माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. "मस्करी करून राह्यले काय?" मी नाही म्हणालो. ज्या माणसाला मी चहापलीकडे ओळखत नाही, त्याला मी घरच्यांच्या आधी सांगून बसलो होतो. हमाल एकमेकांकडे बघत बाहेर गेले. मुनिमाने स्टूल ओढलं, माझ्या डाव्या बाजूला बसला आणि पडद्यावरचा वायरीचा क्रमांक एकेक आकडा करून मोठ्याने वाचायला लागला. "हळू लिहा. गाड्या कुठी पळून नाही जाऊन राह्यल्या." तो वाचत गेला, मी लिहीत गेलो. प्रोग्राम काढला नाही. या क्रमांकाची वायर तुझी नाही, ती काट्याची आहे, एवढं त्याला समजेल असं लिहून ठेवलं. पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर वजन आलं. पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि मला बसवेना.

आता गोष्ट माझ्या हातात नव्हती. मुनीम वाईट नाही, पण चार लोकांत उठबस असलेला माणूस, आणि हमालांनीही ऐकलेलं. संध्याकाळपर्यंत ते गावात, आणि दोन दिवसांत संग्रामपूरला. दुसऱ्याच्या तोंडून पोरीला कळणार, या विचाराने मी भर दुपारी गाडी काढली. मान सारखी डावीकडे वळवत, हळू. घरी मायलेकी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. मी बाटली पिशवीतून काढून त्यांच्यामध्ये ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तुझी सून म्हणाली, "आता जमत आलं तवाच हे निघालं!" आणि पदर तोंडाला लावला. पोर मात्र चिडली. "आजीले होतं, तुम्हाले हाये, अन् मले सांगाले दसऱ्यापासून आजचा दिवस लागला? माह्ये डोये हायेत ते, बाबा. लग्न त्याच्यानंतर." मग तीच म्हणाली, "त्याहीले पण सांगा. मी लपवून नाही जाणार तिथं."

परवा तिला बुलडाण्याला नेलं. एका डोळ्याचा दाब थोडा जास्त आहे, नजर अजून पूर्ण आहे. लवकर आलात, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. त्यांनी 'लवकर' म्हटलं तेव्हा मला तू आठवलीस आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

हे मी कुठे पाठवणार? डोळे होते तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. पण कालपासून हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहितोय. आज सकाळी पूजा झाल्यावर संग्रामपूरला फोन लावला. मुलाच्या वडिलांना आधी तुझं, मग माझं, मग पोरीचं सांगितलं, काही न गाळता. ते म्हणाले, "घरात बोलतो आन् सांगतो." फोन ठेवला. एक मात्र तुलाच सांगतो, माय: पलीकडे घंटी वाजत होती तेवढा वेळ, त्यांनी फोन उचलू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होतो.