श्रोते शून्य

मी, चंद्रभागा दामाजी भोईर, वय ७२, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, धंदा मासळी विकणे आणि मांडवात धवले गाऊन लग्नं लावणे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. वकिलाने मसुदा दिला होता. तो त्याने माझ्या मुलाला, गणूला, आधीच दाखवला असावा असं वाटून मी फाडला.

१. राहती खोली गणूला, पण एका अटीवर. अट शेवटी आहे, त्याने सगळं वाचावं म्हणून.

२. मासळीची टोपली, कोयता आणि बाजारातली बसायची जागा सून नंदा हिला.

३. माघात एका संस्थेचे साहेब आले. कलेचा समाजावर काय परिणाम होतो, त्यातून पैसा किती फिरतो, ते मोजत होते. मी बाजारात होते, फॉर्म गणूने भरला. श्रोते किती, असं विचारल्यावर म्हणाला, "धवले कोन ऐकतो? समदी जेवनावर असतात." साहेबांनी लिहिलं: श्रोते शून्य, मिळकत एक लुगडं, परिणाम नाही. तो कागद दाखवून, आता जिथे लग्नं लागतात त्या हॉलच्या मंडळींनी धवल्यांची वेळ बँडला दिली. त्यातला एक जण बँडवाल्याचा मेहुणा आहे, एवढंच लिहिते.

ऐकायला कोणी बसत नाही हे खरं. पण मी धवला उचलल्याशिवाय हळद लागत नाही, नवरी मांडवात येत नाही. गणूला हे माहीत होतं, तरी बोलला नाही. त्याचा मला फार राग आहे.

४. साहेबांकडे टेप होता आणि नंदाने त्यांना चहा दिला होता. तिने धवले गाऊन दिले असणार, असं धरून मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. शेवटी विचारलं. म्हणाली, "आय, मांडव नाय, नवरी नाय, गाऊ कोनासाठी?" चूक माझी झाली. माझं धवलारीणपण तिला देते. धवल्यांची वही नाही. कोणी विकायला आणली तर खोटी समजावी.

५. अट: नातीचं लग्न दारात मांडव घालून, नंदाच्या धवल्यांनी लागावं. नाहीतर खोली एकट्या नंदाची.

दुसरी प्रत कुठे आहे ते लिहीत नाही, कारण गणू हे वाचणार.

साक्षीदार: नाथा पाटील व रखमाबाई नाथा पाटील. सत्तावीस वर्षांपूर्वी यांचं लग्न मीच लावलं. सह्या करताना विचारलं, तेव्हा मी काय गायले होते? दोघांनाही एक ओळ आठवेना. रखमाबाई म्हणाली, "त्ये नाय ठाव. तू गाया लागलीस, तवा त मी उठून मांडवात आली."

सही: चंद्रभागा दामाजी भोईर
कोपर, ९ जून १९९६